साधी लोकर की सुपरवॉश? हातविणीचे किल्ट-होज धुण्याआधी एवढं बघा

हाताने विणलेले किल्ट-होज, म्हणजे स्कॉटलंडच्या किल्टवर (पुरुषांच्या घागऱ्यासारख्या वस्त्रावर) घालायचे गुडघ्यापर्यंतचे लांब लोकरी मोजे, कसे धुवायचे असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘लोकर आहे ना, मग गार पाण्यात धुवा.’ या एका वाक्याने कुणाचे मोजे आटतात, तर कुणाचे घोट्यापर्यंत घसरतात. लोकर दोन तऱ्हेची असते आणि दोघींची दुखणी एकमेकींच्या उलट असतात.

ज्यांनी स्वेटर विणला आहे त्यांना होजची रचना वेगळी सांगायला नको. गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर दुमडलेला काठ, पोटरीला वाढवलेले-घटवलेले टाके, आणि काठाखाली इलॅस्टिकचा गार्टर, म्हणजे मोजा धरून ठेवणारा पट्टा, ज्याच्या रंगीत फिती बाहेर डोकावतात. जोडीला दोनशे ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त सूत लागतं. हे वजन लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुख्य मुद्दा. साध्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर छपरावरच्या कौलांसारखे खवले असतात आणि त्या सगळ्यांची तोंडं टोकाकडे असतात. त्यामुळे ओला तंतू घासला गेला की मुळाच्या दिशेने सहज सरकतो, पण मागे यायचं म्हटलं की खवले अडतात. असे हजारो तंतू एकमेकांत सरकत गेले की विणीचा नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. यात खरा गुन्हेगार आहे घासणं. ऊन पाणी आणि साबण त्याला हातभार लावतात, एवढंच. कोमट पाण्यात निवांत पडलेल्या मोज्याला काही होत नाही. तोच मोजा गार पाण्यात, पण मशीनच्या नेहमीच्या फेरीत घातला, तर लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येऊ शकतो. लोक तापमानाला घाबरतात आणि गार पाण्याच्या भरवशावर चोळत बसतात, हे बघून माझा जीव जातो.

सुपरवॉश लोकरीत हे खवलेच निकामी केलेले असतात. आधी क्लोरीनने ते झिजवायचे आणि मग तंतूवर पॉलिमरचा पातळ थर चढवायचा, अशी ती प्रक्रिया. ती घडवण्यात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेचा मोठा वाटा आहे. या लोकरीवर रंग झकास चढतो, ती अंगाला टोचत नाही, आणि नमदा होण्याची भीती जवळपास संपते. पण खवल्यांबरोबर तंतूंची एकमेकांवरची पकडही जाते. ओला झाला की असा मोजा स्वतःच्याच वजनाने लोंबतो. लांब होजचं वजन तर पायमोज्यापेक्षा कितीतरी जास्त. दोरीवर टाकलात तर संध्याकाळपर्यंत काठाची रिब (उलट-सुलट टाक्यांची ताणणारी वीण) सैल पडलेली दिसेल, आणि केलीच्या, म्हणजे स्कॉटिश लोकनृत्याच्या मैफलीतल्या, नाचात गार्टरसकट सगळं खाली उतरेल. उजव्या मोज्यात स्गियन डू, म्हणजे किल्टबरोबरचा छोटा सुरा, खोचणाऱ्यांना सैल काठ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

लेबल हरवलं असेल तर ओळखायची एक सोपी युक्ती आहे. उरलेल्या सुताचे दोन तुकडे घ्या, टोकं जराशी उसवून एकावर एक ठेवा, पाण्याचा थेंब लावा आणि तळहातांत जोरात चोळा. टोकं एकजीव झाली तर साधी लोकर. सुटी होऊन आली तर बहुतेक सुपरवॉश, किंवा सिंथेटिकचं प्रमाण जास्त असलेलं सूत.

साध्या लोकरीचे होज तीसेक अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका, नळाच्या धारेखाली धरू नका. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट असू द्या. मग टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा आणि सपाट किंवा पायाच्या आकाराच्या साच्यावर वाळवा. वापरून नुसते ताणलेले असतील तर एवढ्यानेच बऱ्यापैकी जागेवर येतात. ‘नमदा झालेला मोजा केसांच्या कंडिशनरमध्ये भिजवून ओढा’ हा सल्ला मात्र सोडून द्या. त्याने थोडासा आटलेला मोजा सैलावेल, नमदा सुटणार नाही.

सुपरवॉश होज लेबलावर परवानगी असेल तर जाळीच्या पिशवीतून मशीनमध्ये घाला. बाहेर काढताना मात्र दोन्ही हातांनी खालून आधार द्या. लेबल ड्रायरला हरकत घेत नसेल तर मंद आचेवर थोडा वेळ फिरवा. विचित्र वाटेल, पण पसरलेली वीण त्यानेच आवळते. किंचित दमट असतानाच काढून सपाट ठेवा.

बाकीचं दोघींना सारखंच. ब्लीच कधीच नाही. डाग खाणारी एन्झाइमवाली पावडरही नको, कारण त्यातलं प्रोटीएज प्रथिनं फोडतं आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. लोकरीसाठीचं सौम्य द्रावण घ्या. घरात रिठे असतील तर त्यांचं गाळलेलं पाणीही चालतं, पण पांढऱ्या होजवर त्याचा पिवळट रंग बसेल.

मला विचाराल तर होजला साधीच लोकर. केबल, म्हणजे विणीतले पीळ, उठून दिसतात, काठ वर राहतो, आणि दर वापरानंतर धुवावंही लागत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा ओलसर न वाटता सामावून घेते, म्हणून रात्रभर वाऱ्यावर पसरले की बहुधा भागतं. मळलेले होज मात्र तसेच कपाटात ठेवू नका. कसर नेमकी घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर येते. धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवा. काठ उलगडून ठेवा आणि गार्टर काढून वेगळा ठेवा, नाहीतर इलॅस्टिकचा वळ रिबवर राहतो.