विडीचा धूर आणि मांडीवरचं मांजर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी ओसरीवर झोपाळा होता आणि दिवेलागणीला त्या झोपाळ्यावर काका. एका हातात विडी, दुसरा हात मांडीवरच्या मनीच्या पाठीवर. मनी तेरा वर्षांची झाली आणि जिभेखालच्या गाठीने गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा सगळं विचारलं: काय खाते, बाहेर भांडते का, घरात उंदरांचं औषध ठेवता का. विडीचा विषय निघाला नाही. आम्हालाही सुचला नाही. एका मांजराच्या गाठीवरून विडीला दोष देता येत नाही आणि मीही तो देत नाही. पण हा प्रश्न त्या काळी कोणाच्याच ओठांवर का नव्हता, हे शोधायला बसले, तेव्हा कळलं की धूर आणि जनावरं यांचं नातं विज्ञानाला चांगलं ठाऊक होतं. फक्त बघण्याची दिशा वेगळी होती.

जनावरांना धूर आधी मुद्दाम पाजला गेला. 1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध जाहीरपणे मांडला. सिगारेट कंपन्यांचं म्हणणं होतं की ही नुसती आकडेवारी आहे, प्रयोगातला पुरावा दाखवा. तो दाखवण्यासाठी ऑस्कर ऑअरबाख आणि कायलर हॅमंड या संशोधकांनी 86 बीगल कुत्री घेतली, त्यांच्या श्वासनलिकेला भोक पाडलं आणि त्यातल्या बहुतेकांना तिथून नळीने रोज सिगारेट ओढायला लावली. 1970 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: त्यांतल्या काही कुत्र्यांच्या फुप्फुसांत गाठी झाल्या होत्या. पाच वर्षांनी ब्रिटनमधल्या एका रविवारच्या वर्तमानपत्राने सिगारेट ओढायला लावलेल्या बीगल कुत्र्यांचं, रांगेत जखडून ठेवलेलं छायाचित्र छापलं, तेव्हा लोक हादरले. ते छायाचित्र मला अजूनही फार वेळ बघवत नाही. त्या कुत्र्यांनी माणसांचे प्राण वाचवायला मदत केली, हे खरं. पण त्या सगळ्या वर्षांत कुत्रा हा माणसाच्या जागी उभा केलेला होता. घरात, मालकाच्या पायाशी बसून जो धूर आपसूक त्याच्या नाकात जातो, त्याचं काय, हे विचारायला अजून वीसेक वर्षं होती.

मधल्या काळात लक्ष गेलं ते घरातल्या माणसांकडे. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या 91,540 बायकांची 14 वर्षांची नोंद तपासली. नवरा जितकं जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. हा अभ्यास 1981 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, पण मूळ निष्कर्ष टिकला. 1986 साली सर्जन जनरलचा अहवाल पुन्हा आला, या वेळी दुसऱ्यांच्या धुरावर. त्याच वर्षी ब्रिटनच्या कोळसा खाणींतून कॅनरी पक्षी हटवून त्यांच्या जागी यंत्रं आणायचं ठरलं. विषारी वायू माणसाच्या आधी पक्ष्याला पाडतो, कारण पक्ष्याच्या अंगातल्या हवेच्या पिशव्यांमुळे त्याच्या फुप्फुसांतून हवा सतत वाहत असते. हे खाणकामगार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जाणत होते. मग घरातल्या पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्‌सकडे बघून हे कोणाला आठवू नये, याचं मला नवल वाटतं.

कुत्र्यांकडे बघायला सुरुवात झाली ती 1992 मध्ये, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत. जॉन राइफ आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेली 51 पाळीव कुत्री आणि दुसऱ्या कर्करोगाची 83 कुत्री घेतली आणि मालकांना विचारलं: घरात कोण ओढतं, किती ओढतं? एकूण हिशेबात संबंध कमजोर निघाला. अभ्यास छोटा होता, ते त्यांनी लपवलं नाही. पण आकडे नाकाच्या लांबीप्रमाणे वेगळे मांडल्यावर चित्र बदललं. आखूड आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांत धुराचा धोका जास्त दिसत होता. मग 1998 मध्ये त्याच गटाने नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाकडे पाहिलं आणि तिथे उलट चित्र आलं: लांब नाकाच्या, कोलीसारख्या कुत्र्यांत धुराच्या घरात हा धोका सुमारे दुप्पट.

कारण समजायला सोपं आहे. लांब नाक म्हणजे लांब गाळणी. ओलसर, वळणावळणांच्या पडद्यांवर धुरातले कण अडकतात, तिथेच बसतात आणि तिथेच काम करतात. आखूड नाकात गाळण कमी, म्हणून तोच कण सरळ फुप्फुसात पोचतो. आज आपल्याकडे गल्लीगल्लीत पग दिसतात. त्यांचा श्वास आधीच घरघरत असतो, आणि त्या घरघरीला धुराची भर पडू नये एवढं तरी त्यांच्या मालकांनी पाहायला हवं.

मांजराची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त चटका लावणारी. 2002 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्‌समध्ये एलिझाबेथ बर्टोन आणि सहकाऱ्यांनी लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग झालेल्या 80 मांजरांची तुलना किडनीच्या आजाराच्या 114 मांजरांशी केली. धुराच्या घरातल्या मांजरांना लिम्फोमाचा धोका 2.4 पट निघाला. पाच किंवा जास्त वर्षं धुरात राहिलेल्यांना 3.2 पट. मांजराचा श्वास कुत्र्यापेक्षा मोठा नाही, मग असं का? उत्तर तिच्या जिभेत आहे. मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. धुरातले कण केसांवर बसतात आणि ती ते सगळे चाटून पोटात घेते. कुत्रा धूर हुंगतो. मांजर हुंगते आणि खाते. तोंडातला स्क्वेमस सेल कॅन्सर, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कर्करोग, मांजरांत बऱ्याचदा जिभेखालीच होतो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

म्हणूनच ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ हे उत्तर पुरत नाही. खिडक्या उघडून किंवा वेगळ्या खोलीत ओढून धोका संपत नाही, असं सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालाने स्पष्ट सांगितलं. 2009 मध्ये बॉस्टनमधले बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ यांच्या लेखाने आणखी एक कल्पना रुजवली: विझलेल्या सिगारेटनंतर कपड्यांवर, गाद्यांवर, हातांवर उरणारा धूर, म्हणजे ‘तिसऱ्या हाताचा’ धूर. त्यांच्या डोळ्यांपुढे रांगणारी मुलं होती. पण जमिनीला नाक लावून, चादरीत तोंड खुपसून जगणारं घरात दुसरं कोण असतं? स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या क्लेअर नॉटनबेल्ट यांच्या गटाने पुढे जनावरांच्या केसांतलं निकोटिन मोजलं. ओढणाऱ्यांच्या घरात ते जास्त सापडलं. मांजर बाहेर हिंडणारं असो की घरकोंबडं, फारसा फरक पडत नव्हता. खच्ची केलेली कुत्री धुराच्या घरात अधिक जाड होतात, असंही त्यांना दिसलं.

हे सगळे आकडे सिगारेटच्या घरांतले. आमच्या भागात हिशेब विडीचा आहे. बडोद्याहून आणंद तासाभरावर. त्या चरोतर पट्ट्यातली गोराडू, म्हणजे रेतीमिश्रित पोयट्याची, जमीन विडीच्या तंबाखूसाठी ओळखली जाते आणि आणंदला विडी तंबाखू संशोधन केंद्र 1947 पासून आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच गावात. तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही, म्हणून विडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, पण धुरात निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 7.7 टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट 4 टक्के. घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे 38.7 टक्के. ही माणसांची मोजणी. ओसरीवरच्या मांजरांची गणती कोणी करत नाही.

कायदाही उंबरठ्याशी थांबतो. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, 2003 मध्ये कायदा झाला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले. इस्पितळ, शाळा, रेल्वे स्टेशन, हॉटेल सगळं त्यात आलं. घर नाही. तिथे जे काही होईल ते घरच्यांनीच करायचं: ओढून आल्यावर हात धुवायचे, सदरा बदलायचा, मगच मांजराला उचलायचं. ओलसर फडक्याने तिचे केस रोज पुसायचे. थोटकं कुत्र्याच्या तोंडी लागतील अशी टाकायची नाहीत, कारण ती गिळली तर निकोटिनने उलट्या, थरथर, आकडी येऊ शकते.

काका जाऊन आता नऊ वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात घरातलं दुसरं मांजर, भुरी, खोकायला लागली म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. वय विचारलं, लस विचारली, आणि तिसऱ्याच प्रश्नाला म्हणाली, “घरमां कोई बीडी-सिगारेट पीए छे?”

“हवे कोई नथी पीतुं,” मी म्हटलं. आता कोणी ओढत नाही.

तिने लिहिता लिहिता वर पाहिलं. “पहेलां?”

भुरी रोज दुपारी झोपते ती काकांच्या झोपाळ्यावरच्या गादीवर. ती गादी आम्ही माया म्हणून कधी काढलीच नव्हती.