छोट्या समभागांतील मंदीवाल्यांचा संशय

हातात नसलेला समभाग आधी विकायचा आणि भाव उतरल्यावर स्वस्तात विकत घेऊन मधला फरक खिशात घालायचा, या व्यवहाराला शॉर्ट सेलिंग आणि बाजारातल्या बोलीत ‘शॉर्ट मारणे’ म्हणतात. असे व्यवहार करणाऱ्या मंदीवाल्यांनी संगनमताने एखाद्या छोट्या कंपनीचा भाव पाडला आहे, असा समज भागधारकांत, आणि पुष्कळदा कंपनीच्या प्रवर्तकांतही, पसरतो. अशा समभागात रोजची उलाढाल काही हजार शेअरांची असते, त्यामुळे थोडी विक्रीही भाव हलवते आणि विकणारा कोण हे पडद्यावर दिसत नाही.

हा संशय समभागांच्या व्यवहाराइतकाच जुना आहे. १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये इसाक ल मेर आणि त्याच्या साथीदारांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचे समभाग जवळ नसताना विकले. भाव उतरू लागताच संचालकांनी सरकारदरबारी तक्रार नेली, आणि १६१० मध्ये हाती नसलेल्या समभागांच्या विक्रीवर बंदी आली. विधवा आणि अनाथांचे पैसे बुडत असल्याचा दाखला त्या तक्रारीत होता. हा युक्तिवाद पुढे चारशे वर्षे फारसा न बदलता वापरला गेला. भारतात मार्च २००१ मध्ये भाव कोसळले तेव्हा मंदीवाल्यांच्या टोळीवर बोट ठेवले गेले आणि सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने अशा विक्रीवर निर्बंध घातले. सौदा न मिटवता पुढच्या हिशेबावर ढकलण्याची ‘बदला’ पद्धतही त्याच वर्षी जुलैत बंद झाली. एप्रिल २००८ पासून समभाग उसने देण्याघेण्याची व्यवस्था सुरू झाली आणि संस्थात्मक गुंतवणूकदारांनाही शॉर्टची मुभा मिळाली. समभाग उसना न घेता केलेली उघडी विक्री, जी खरेदीदाराला डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष समभाग, न देताच सुटते, ती मात्र निषिद्धच राहिली.

पुण्यात सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर १९८२ पासून शहराचा स्वतःचा शेअर बाजार होता. २०१५ मध्ये सेबीच्या आदेशाने तो या व्यवसायातून बाहेर पडला. सौदे मुंबईच्या पडद्यावर गेले, पण पेठांतल्या सबब्रोकरच्या कचेऱ्यांतले बोलणे काही संपले नाही. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग, ओतकाम आणि यंत्रकाम करणारे पुष्कळ लघुउद्योग आहेत, आणि ‘आपल्या ओळखीचा कारखाना आहे, ऑर्डरी भरपूर आहेत’ या भरवशावर अशा कंपन्यांचे समभाग घेणारा वर्गही येथे आहे. कारखान्याचा भोंगा वेळेवर होतो आणि भाव मात्र रोज उतरतो, या दोन गोष्टींचा मेळ बसेना की ‘कोणीतरी भाव दाबतोय’ हे वाक्य ऐकू येते.

भारतीय नियमांच्या चौकटीत हे वाक्य तपासले तर ते बहुतेक वेळा शॉर्टवाल्याला लागू पडत नाही. रात्रभर शॉर्ट ठेवायचा तर समभाग वायदे व्यवहारांच्या, म्हणजे पुढच्या तारखेला मिटणाऱ्या सौद्यांच्या, यादीत असावा लागतो किंवा तो उसना मिळावा लागतो. वायद्यांची यादी मोठ्या, भरपूर उलाढालीच्या समभागांची असते, आणि बाजारमूल्याच्या क्रमवारीत २५१ व्या क्रमांकापासून पुढे येणाऱ्या स्मॉलकॅप कंपन्यांपैकी बहुतेक तिच्या बाहेर आहेत. उरतो तो दिवसापुरता सौदा. तो सकाळी विकणाऱ्याला दुपारी साडेतीनच्या आत परत खरेदी करून मिटवावा लागतो, म्हणजे जो माणूस दहा वाजता भाव पाडतो तोच तीन वाजता खरेदीदारांच्या रांगेत उभा राहतो. ज्या समभागांवर सक्तीच्या डिलिव्हरीचे बंधन आहे, त्यांत एवढेही शक्य नसते.

उलट फसण्याचा धोका मंदीवाल्यालाच अधिक असतो. समजा, एखाद्याने १२० रुपयांना ५०० शेअर शॉर्ट केले आणि दुपारी समभागाला वरचे सर्किट लागले, म्हणजे भाव त्या दिवसाच्या ठरलेल्या वरच्या मर्यादेला टेकला. विकणारा कोणी नसल्याने त्याला सौदा मिटवता येत नाही. प्रकरण दुसऱ्या दिवशी लिलावात जाते, जिथे शेअर बाजार न दिलेले शेअर खरेदीदारासाठी मिळवू पाहतो, आणि तिथेही माल मिळाला नाही तर लिलावाच्या दिवसाच्या बंद भावापेक्षा २० टक्के जास्त, किंवा मधल्या दिवसांतला सर्वांत चढा भाव, यांपैकी जो अधिक असेल त्या दराने त्याच्या खात्यातून पैसे वळते होतात.

मग भाव पाडतो कोण? सलग खालची सर्किटे लागलेल्या समभागाचा पडदा पाहिला तर खरेदीची बाजू कोरी आणि विक्रीच्या बाजूला लाखभर शेअरांची रांग दिसते. दिवसाला ५ टक्क्यांची मर्यादा असली तर पाच दिवसांत १०० चा भाव ७७ वर येतो. बाजार बंद होतानाही न हललेली ही रांग प्रत्यक्ष माल हातात असणाऱ्यांची असते: आधी भाव चढवून आता माल सोडणारा ऑपरेटर, सवलतीच्या भावाने समभाग मिळालेला गुंतवणूकदार, किंवा प्रवर्तकाने तारण ठेवलेले समभाग विकून पैसे वसूल करणारा सावकार. छोट्या समभागांतली लबाडी आपल्याकडे प्रायः आधी भाव फुगवण्याची असते आणि घसरण हा तिचा उत्तरार्ध असतो. मात्र फुगवताना कोणी तक्रार करत नाही.

तरीही संशय नेहमीच पोकळ नसतो. अमेरिकेत सेडोना या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने असे रोखे विकून पैसे उभारले होते की भाव जितका खाली, तितके जास्त समभाग रोखेधारकाला मिळत. रोखेधारकाच्या वतीने काम करणाऱ्या ऱ्हायनो अ‍ॅडव्हायजर्सने शॉर्ट विक्रीचा मारा करून भाव पाडल्याचा ठपका तेथील नियामकाने ठेवला, आणि २००३ मध्ये ते प्रकरण १० लाख डॉलरच्या दंडावर मिटले. इथे भाव पाडण्यातला फायदा करारातच लिहिलेला होता. याच्या नेमके उलट घडले ते जर्मनीत. वायरकार्ड या पैसे हस्तांतराच्या कंपनीवरील शंका म्हणजे मंदीवाल्यांचे कारस्थान आहे असे मानून तेथील नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्या समभागांच्या शॉर्ट विक्रीवर दोन महिने बंदी घातली. जून २०२० मध्ये कंपनीच्या हिशेबातले १९० कोटी युरो अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले.

भारतात अफवा पसरवून किंवा खोट्या ऑर्डरी टाकून भाव पाडणे हा सेबीच्या २००३ च्या नियमांनुसार गैरप्रकार आहे आणि दंड २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर करता येते. त्याआधी शेअर बाजार रोज जाहीर करतो तो डिलिव्हरीचा आकडा पाहावा. दिवसाच्या उलाढालीतला मोठा भाग डिलिव्हरीत गेला असेल तर विकणाऱ्याकडे खरोखर माल होता. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक समभाग एकाच खात्यातून हलले असतील तर त्या खात्याचे नावही त्याच संध्याकाळी बल्क डीलच्या, म्हणजे अशा मोठ्या सौद्यांच्या, यादीत छापलेले असते, आणि पुष्कळदा ते गेल्या तिमाहीच्या भागधारकांच्या यादीतही सापडते.