खरेदी साबणाची, झीज रस्त्याची

अमेरिकेत एखाद्या काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला) रस्ते-पूल दुरुस्त करायचे असले की हल्ली मतपत्रिकेवर बऱ्याचदा एक प्रश्न येतो: विक्रीकरात अर्धा किंवा एक टक्का वाढ चालेल का? म्हणजे साबण, खुर्ची, टीव्ही काहीही घ्या, त्यातले काही सेंट डांबरात जाणार. जॉर्जिया राज्यात 2012 साली 12 विभागांनी एक टक्क्याच्या अशा करावर मतदान केलं. अटलांटासह नऊ विभागांनी तो धुडकावला.

मुळात साबणावर ही पाळी का आली? कारण रस्त्यांचा खर्च ज्यातून भागवायचा, तो पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून तो तिथेच अडकलाय. तो टक्क्यांत नसल्यामुळे महागाईबरोबर वाढत नाही. त्यात गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या आणि विजेच्या गाड्या तर पीतच नाहीत.

पण रस्ता झिजवतं कोण? हे शोधायला 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधले आणि मुद्दामच त्यांची वाट लावली. कमी-जास्त जाडीचे डांबरी आणि काँक्रीटचे पट्टे, त्यांवर ठरावीक वजन लादलेले ट्रक, चालवायला लष्करी जवान, आणि फेऱ्यांवर फेऱ्या. त्या आकड्यांतून निघालेला नियम असा, की झीज साधारण ॲक्सलवरच्या (म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या एका ॲक्सलवर 800 किलो आणि ट्रकच्या ॲक्सलवर 8 टन धरा. भार दहापट, झीज मात्र दहा हजारपट! नियम ढोबळ आहे, रस्त्याच्या बांधणीनुसार घात कमी-जास्त होतो. पण मोटारवाल्याने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, एवढं नक्की.

या हिशेबाने विक्रीकर सरळसरळ अन्यायाचा. ट्रकवाल्याचं ओझं साबणवाल्याच्या माथी.

तरी गोष्ट इतकी सरळ नाही, कारण सगळी झीज चाकांची नसते. डांबरातल्या केसाएवढ्या भेगेतून पाणी खाली मुरतं. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि भेग रुंदावतं. वितळलं की खालचा थर भिजून मऊ पडतो. मग पुढच्या चाकाखाली वरचा पापुद्रा खचतो आणि खड्डा तयार. पुलांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्यातला क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं. रस्त्यावरून एकही जड ट्रक गेला नाही तरी हे चालूच राहतं. हा खर्च सगळ्यांनी उचलावा, हे मला पटतं.

म्हणून मी मतदार असतो तर टक्क्याआधी कामांची यादी वाचली असती. नव्या मार्गिका किती, पुलांचे सांधे बदलणं किती आणि भेगा बुजवणं किती? भेगेत गरम डांबर ओतायला एक छोटी टोळी पुरते. तेच काम टाळलं आणि पाणी पायापर्यंत उतरलं, की अख्खा रस्ता उकरून नव्याने बांधावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा एक मतपत्रिका छापावी लागते.