हेलियम होता, कोरोनियम नव्हता

विज्ञानाला सापडण्याआधी एखादी गोष्ट अस्तित्वात असते का? असतेच. पण एवढ्या उत्तरावर थांबणं धोक्याचं आहे, हे सूर्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) दोन रेषांच्या इतिहासातून कळतं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. गुंटूरला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आणि इतर काही निरीक्षकांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक असतात, त्यावरून ते ओळखता येतं. त्यात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची असावी असं आधी वाटलं. ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, ती पुन्हा पाहिली. सोडियमच्या जोडरेषांच्या ती शेजारी होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच वायूत ती मिळेना, तेव्हा हे नवं मूलद्रव्य असावं असा तर्क पुढे आला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. (लॉकियर यांनी हा शोध विजयदुर्गावरून लावला असं आपल्याकडे सांगतात. किल्ल्यावर ते खरोखर आले होते, पण १८९८ च्या ग्रहणासाठी.)

हातात नमुना नसलेलं मूलद्रव्य मानायला अनेक रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. त्यांची शंका मला रास्तच वाटते. अखेर १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची प्रक्रिया केली आणि बाहेर पडलेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. युरेनियमच्या किरणोत्सर्गातून हेलियम खडकात तयार होतो, हे पुढे रदरफर्ड यांच्या कामातून उलगडलं. म्हणजे कोट्यवधी वर्षं तो आपल्या पायाखालीच तयार होत होता.

आता दुसरी रेषा. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात (कोरोनात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात) एक हिरवी रेषा दिसली. तीही कुठल्या ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पुरावा अगदी हेलियमसारखाच, तर्कही तोच. याही मूलद्रव्याचं बारसं झालं: कोरोनियम. पण आवर्तसारणी भरत गेली तशी त्याला जागाच उरली नाही. ग्रोट्रियन आणि एडलेन या शास्त्रज्ञांनी १९३९ पासूनच्या काही वर्षांत कोडं सोडवलं. ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची होती.

१८९० साली या दोन्ही मूलद्रव्यांवर सारख्याच ठामपणे विश्वास ठेवता आला असता. एक होतं, दुसरं कधीच नव्हतं, आणि फरक दाखवायला प्रयोगशाळाच लागली. मात्र कोरोनियम गेलं तरी हिरवी रेषा खरीच राहिली. लोखंड इतके इलेक्ट्रॉन गमावतं, म्हणजे प्रभामंडलाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असलं पाहिजे, हे तिच्यामुळेच समजलं.