पळस की पांगारा?

‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण झाड ओळखायला मात्र उपयोगाची नाही. पांगाऱ्यालाही पाने तीनच! शिवाय दोघे वाल-घेवड्याच्या कुळातले भाऊबंद, आणि शिमग्याच्या सुमारास दोघेही पाने गाळून फुलतात. एसटीच्या खिडकीतून गल्लत होणारच.

पळस केशरी आणि पांगारा लालभडक, असे सांगितले जाते. पण लांबून, उन्हात, मी तरी रंगावर भिस्त ठेवत नाही. फुलांची मांडणी बघावी. पळसाची फुले वेड्यावाकड्या डहाळीच्या अंगालाच गुच्छागुच्छाने लगडतात, त्यामुळे सगळी फांदीच मढलेली दिसते. पांगाऱ्याचा तुरा फांदीच्या टोकाला येतो. त्याच्या दांड्यावर फुले आडवी पसरतात; खालची आधी उमलतात आणि शेंड्याच्या कळ्या मागाहून.

खाली पडलेले एक फूल उचलले तर शंकाच उरत नाही. या कुळातल्या फुलाची एक मोठी पाकळी म्हणजे ध्वज, दोन बाजूंचे पंख, आणि दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. पळसाची नौका पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते आणि पुंकेसर तिच्यात लपलेले असतात. खालचा पेला मखमली, काळपट. केशरी रंग उठून दिसतो तो त्याच्यामुळे. पांगाऱ्यात सारा थाट ध्वजाचा. पंख आणि नौका इतक्या आखूड, की पुंकेसर उघडे बाहेर डोकावतात. मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल दोन्हीकडे येतात. पांगाऱ्यावर परागकण त्यांच्या डोक्याला सहज माखतात.

फुले नसताना? पांगाऱ्याच्या फांद्यांवर काळे काटे असतात, पळसाला नसतात. पळसाचे पान चामड्यासारखे जाड, म्हणून पत्रावळीला चालते. पांगाऱ्याचे त्या मानाने मऊ. पांगाऱ्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर खोचली तरी जीव धरते, म्हणून कोकणात मिरीचे आणि पानाचे वेल चढवायला ती लावतात.

शेंगांत तर काहीच साम्य नाही. पांगाऱ्याची शेंग काळी, मण्यांच्या माळेसारखी. पळसाची चपटी, पातळ, आणि बी एकच, तेही टोकाला. ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ या शास्त्रीय नावातले ‘मोनोस्पर्मा’ त्या एकट्या बीवरूनच आले आहे.