नाकतोडा की खंडोबाचा किडा?

दसऱ्याच्या सुमाराला कळंब्याकडं उसाच्या बांधावरून चाललं की गवतात हिरवं काहीतरी हमखास हलतं. गेल्या वर्षी भाच्यानं असलाच एक किडा बरणीत घालून आणला. "मामा, नाकतोडा!" आत उसाचं पान, वर भोकं पाडलेलं झाकण. चार दिवस झाले तरी पान जसंच्या तसं. तो नाकतोडा नव्हताच. खंडोबाचा किडा होता, आणि त्याला हवी होती माशी.

पोराची चूक म्हणवत नाही. दोघंही हिरवे किंवा वाळक्या गवताच्या रंगाचे, दोघंही लांबुडके. त्यात निमुळत्या डोक्याचा एक नाकतोडा असतो, तो तर जाणत्यालाही क्षणभर फसवतो. उडी मारेल तो नाकतोडा, ही खूणही खात्रीची नाही. खंडोबाच्या किड्याची पिल्लंही चांगल्या उड्या घेतात. त्यापेक्षा पाय बघा. नाकतोड्याचा सगळा जोर मागच्या जाड मांड्यांत असतो. खंडोबाच्या किड्याचा जोर पुढच्या दोन पायांत: विळ्यासारखे मिटलेले, आतून काटेरी, छातीशी धरलेले. चालतो तो उरलेल्या चारांवर. या जोडलेल्या हातांवरूनच पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात. प्रार्थना कसली, दबा धरून बसलेला असतो! शिवाय तिकोनी डोकं वळवून तो मागं उभ्या माणसाकडंही बघतो. नाकतोड्याला अशी मान नाही. आणि याचे जवळचे भाऊबंद म्हणजे झुरळं आणि वाळवी. हे मी ताईला सांगितलेलं नाही.

नाकतोडा सांभाळायला सोपा. रोज ताजं गवत, थोडी ऊब, तळाला ओलसर माती घातली तर मादी त्यात अंडी घालते.

दुसऱ्याचे लाड जास्त. शिकार जिवंत, हलणारी आणि त्याच्यापेक्षा लहान हवी; निपचित पडलेल्या माशीकडं तो सहसा ढुंकूनही बघत नाही. घरात औषध फवारलं असेल तर तिथली झुरळं-माश्या देऊ नका. पाण्याची वाटी नको, बरणीच्या कडेला बारीक थेंब उडवले की तो तेच पितो. दोन किडे एकत्र ठेवले तर सकाळी एकच सापडेल.

खरी गंमत आणि खरा धोका कात टाकण्यात. तो वरून उलटा लटकून जुन्या कातीतून खाली सरकतो. म्हणून बरणीची उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, आणि तोंडाला गुळगुळीत झाकणाऐवजी जाळीचं कापड, म्हणजे पाय रुततात. मध्येच पडला तर अंग वाकडं राहतं, बहुधा जगत नाही. कातीच्या आधी तो खाणं सोडतो. तेव्हा घाबरून रातकिडे आत कोंबू नका, तेच त्याला कुरतडतात. मुंग्याही लांब ठेवा.

पंख पुरते फुटलेला दिसला की तो प्रौढ. पुन्हा कात टाकणार नाही, आणि आयुष्यही थोडंच उरलेलं.

भाच्याची ती पंखवालीच होती, पोट टम्म. माश्या सुरू केल्यावर आठवड्याभरात तिनं काडीवर फेस घातला. तो वाळून टणक, खाकी गोळा झाला. त्यात अंडी असतात, आणि एका गोळ्यातून शंभरावर पिल्लंही निघू शकतात. ताईनं हे ऐकलं आणि काडी त्याच संध्याकाळी अंगणातल्या जास्वंदीला बांधली गेली.