मॅश : अकरावे आणि अखेरचे पर्व

कोरियन युद्धातील एका अमेरिकी फिरत्या लष्करी शल्यरुग्णालयाची गोष्ट सांगणाऱ्या ‘मॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेचे शेवटचे पर्व. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ते २५ ऑक्टोबर १९८२ ते २८ फेब्रुवारी १९८३ या काळात दर सोमवारी रात्री दाखवले गेले. अर्ध्या तासाचे पंधरा भाग आणि शेवटी अडीच तासांचा निरोपाचा भाग, असे हे पर्व आटोपशीर होते. त्या निरोपाच्या भागाला सुमारे १० कोटी ६० लाख प्रेक्षक लाभले. अमेरिकेतील कोणत्याही दूरचित्रवाणी कार्यक्रमाला तोवर इतके प्रेक्षक मिळाले नव्हते. पण या पर्वाचे मोल आकड्यांत नाही. हसवत हसवत युद्ध दाखवणाऱ्या मालिकेने युद्ध संपताना आपल्या एकाही माणसाला कोरडे सुटू दिले नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे.

‘मॅश’ हे ‘मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल’ या नावाचे लघुरूप. आघाडीपासून थोड्याच अंतरावर तंबू ठोकायचे, जखमींवर तातडीने शस्त्रक्रिया करायची आणि आघाडी सरकली की सगळा पसारा ट्रकवर लादून पुढे किंवा मागे जायचे, अशी या रुग्णालयांची रीत. कोरियात सैन्याच्या अशाच एका तुकडीत काम केलेल्या सर्जनने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ मध्ये कादंबरी लिहिली. १९७० मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि १७ सप्टेंबर १९७२ रोजी मालिका सुरू झाली. लॅरी गेलबार्ट यांनी तिला दूरचित्रवाणीचा घाट दिला, तर जीन रेनॉल्ड्स यांनी निर्मितीची बाजू सांभाळली. त्या वेळी व्हिएतनामचे युद्ध चालू होते. पडद्यावर कोरिया दिसत असला, तरी घरात बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात कोणते युद्ध आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते. खरे कोरियन युद्ध २५ जून १९५० ते २७ जुलै १९५३ असे तीन वर्षे आणि एक महिना चालले, मालिका मात्र अकरा वर्षे चालली.

दहाव्या पर्वानंतर थांबावे, असे काही कलाकारांना वाटू लागले होते. गोष्टी संपत आल्या होत्या आणि त्याच त्या प्रसंगांची पुनरावृत्ती होण्याची भीती होती. अखेर एक छोटे पर्व करायचे आणि युद्धाचा शेवट दाखवूनच निरोप घ्यायचा, असे ठरले. तोवर मूळ संचातील बरेच जण मालिका सोडून गेले होते. उरलेल्या मंडळींत सर्जन हॉकआय पिअर्स (अ‍ॅलन अल्डा), त्याचा सहकारी सर्जन बी. जे. हनिकट (माइक फॅरेल), रुग्णालयाचा प्रमुख कर्नल पॉटर (हॅरी मॉर्गन), प्रमुख परिचारिका मार्गारेट हूलिहान (लोरेटा स्विट), बॉस्टनचा खानदानी सर्जन चार्ल्स एमर्सन विंचेस्टर (डेव्हिड ऑग्डन स्टायर्स), क्लिंगर (जेमी फार) आणि धर्मगुरू फादर मल्केही (विल्यम क्रिस्टोफर) ही सात पात्रे होती. कार्यकारी निर्माते होते बर्ट मेटकाफ.

पर्वातले सुरुवातीचे भाग सारखे वजनदार नाहीत. काही भाग निव्वळ खोडकरपणाचे आहेत, काही आधीच्या कल्पनांच्या सावलीत वावरणारे आहेत. तरी तीन भाग आवर्जून पाहावेत असे आहेत. पहिल्याच भागात कथा परिचारिका केलीकडे येते. केली नाकाहारा यांनी साकारलेली ही परिचारिका वर्षानुवर्षे गर्दीत उभी होती, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. हॉकआय इतर साऱ्या परिचारिकांच्या मागे लागतो आणि आपल्याकडे बघतही नाही, याबद्दल ती त्याला तोंडावर सुनावते. ते बोल मालिकेलाही लागू पडतात. दुसऱ्या एका भागात तोतरा बोलणाऱ्या जवानाची टिंगल होते आणि विंचेस्टर त्याच्या बाजूने उभा राहतो. रात्री तंबूत एकटा असताना तो बहिणीने पाठवलेली ध्वनिफीत लावतो आणि तीही तोतरी असल्याचे आपल्याला कळते. गर्विष्ठ माणसाची कणव इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी दाखवली असेल.

तिसरा भाग ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’. तो निरोपाच्या भागाच्या आदल्या आठवड्यात, २१ फेब्रुवारी १९८३ रोजी दाखवला गेला, पण चित्रीकरण झाले सर्वांत शेवटी. पुढच्या पिढ्यांसाठी जमिनीत एक पेटी पुरायची, अशी मार्गारेटची कल्पना असते. पेटीत काय ठेवायचे यावरून वाद होतात. शेवटी पूर्वीच घरी गेलेल्या ‘रडार’ या टोपणनावाच्या कारकुनाचे टेडी अस्वल आत जाते आणि पॉटरच्या आधीचा प्रमुख, मासेमारीची आवड असलेल्या कर्नल हेन्री ब्लेकचा गळ जातो. ब्लेक १९७५ मधल्या एका भागात घरी परतताना विमान पाडले जाऊन मरण पावला होता. पोरवयात युद्धावर आलेल्यांसाठी अस्वल आणि परत न गेलेल्यांसाठी गळ. एवढ्याशा दोन वस्तूंत मालिकेने आपली अकरा वर्षे बांधून ठेवली.

चित्रीकरणाच्या काळात एक अपघात झाला. रुग्णालयाचा बाहेरचा देखावा लॉस एंजेलिसजवळच्या मालिबू क्रीक उद्यानात उभा होता. ऑक्टोबर १९८२ मध्ये डोंगरात वणवा पेटला आणि त्यात तो बराचसा जळून गेला. लेखकांनी तो वणवाच कथेत घेतला. निरोपाच्या भागात आग पसरत येते आणि रुग्णालयाला तळ हलवावा लागतो. पडद्यावर दिसणारी जळकी जागा त्या खऱ्या आगीने केलेली आहे. आजही उद्यानात पायी गेले की त्या जागेवर गंजलेली जुनी लष्करी वाहने दिसतात.

‘गुडबाय, फेअरवेल अँड आमेन’ हा निरोपाचा भाग आठ लेखकांनी मिळून लिहिला. दिग्दर्शन अल्डा यांनीच केले. मालिकेतील एरवीच्या भागांवर वाहिनी कृत्रिम हशाचा आवाज चढवत असे. निर्मात्यांना तो कधीच नको होता, आणि शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी तो वापरायचा नाही, एवढे त्यांनी मान्य करून घेतले होते. या भागात तो अजिबात नाही. त्यामुळे विनोद आला तरी प्रेक्षक एकटाच हसतो.

भाग सुरू होतो तेव्हा हॉकआय मानसोपचार रुग्णालयात आहे. त्याने जीप थेट अधिकाऱ्यांच्या क्लबची भिंत फोडून आत घातली होती. शस्त्रक्रिया चालू असताना, भूल देणारा रुग्णाला मास्कने गुदमरवतो आहे, असाही आरोप त्याने केला होता. डॉ. सिडनी फ्रीडमन (अ‍ॅलन अर्बस) त्याला एका बसच्या प्रवासाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. इंचॉनच्या समुद्रकिनाऱ्यावरची सहल आटोपून सगळे परत निघाले होते, एवढे त्याला आठवते. बसमध्ये हातोहात एक बाटली फिरत होती, ती दारूची होती असे तो सांगतो. पुढच्या वेळी कळते, ती जखमी जवानासाठीची प्लाझ्माची बाटली होती. वाटेत निर्वासित आणि जखमी बसमध्ये घेतलेले असतात. शत्रूची गस्त जवळ आल्याने बस झाडीत लपवून दिवे विझवलेले असतात. मागे एका बाईच्या मांडीवर कोंबडी कलकलत असते आणि हॉकआय दबक्या आवाजात तिच्यावर खेकसतो : गप्प करा तिला. बाई गप्प करते. आता फ्रीडमन काही बोलत नाहीत, नुसते थांबतात. मग हॉकआयच्या तोंडून निघते की ती कोंबडी नव्हती, तान्हे मूल होते. मागे लागलेल्या आठवणीपासून वाचण्यासाठी मनाने आधी दारू रचली, मग कोंबडी. दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकेत असे दृश्य यापूर्वी झाले नव्हते, आणि तेही अकरा वर्षे लोकांना हसवणाऱ्या माणसाच्या वाट्याला.

बाकीच्यांच्या वाट्यालाही असेच काही येते, आणि ज्याच्या जिवावर जो तग धरून होता नेमके तेच त्याच्याकडून जाते. या भागाच्या रचनेतली ही सर्वांत कठोर गोष्ट. विंचेस्टरला संगीत हाच आधार. शरण आलेल्या पाच चिनी वादकांना तो मोझार्टची क्लॅरिनेट पंचकाची रचना शिकवू लागतो. वैतागतो, ओरडतो, हातवारे करून सूर समजावतो, आणि हळूहळू त्यांना ती जमू लागते. मग त्यांना युद्धबंदी म्हणून दुसरीकडे पाठवले जाते. काही वेळाने एक मरणासन्न जखमी येतो. तो त्यांच्यातलाच एक असतो, आणि बाकीचे सगळे गेलेले असतात. विंचेस्टर तंबूत जाऊन त्याच रचनेची तबकडी लावतो, थोडी ऐकतो आणि फोडून टाकतो. कबुलीजबाब ऐकून घेणे हेच ज्यांचे काम, ते फादर मल्केही तोफगोळ्यांच्या माऱ्यात युद्धबंद्यांच्या कुंपणाचे फाटक उघडायला धावतात आणि स्फोटात त्यांचे कान निकामी होतात. हे फक्त बी. जे.ला ठाऊक असते. घरी पाठवले तर अनाथालयातल्या मुलांना सोडून जावे लागेल, म्हणून ते इतर कोणालाही कळू देत नाहीत.

क्लिंगरची गोष्ट थोडी वेगळी. सैन्यातून वेडा ठरवून काढावे म्हणून हा माणूस वर्षानुवर्षे बायकी कपडे घालून फिरला. शस्त्रसंधी झाल्यावर तोच कोरियात राहतो. सून-ली (रोझलिंड चाओ) या कोरियन तरुणीशी तो लग्न करतो, आणि तिला तिचे हरवलेले आईबाप शोधायचे असतात. दोघे बैलगाडीतून निघतात, तेव्हा हसू येते आणि डोळेही भरतात.

युद्ध संपल्याची बातमी ध्वनिक्षेपकावरून येते. करारावर सही झालेली असते, पण तोफा थांबायला आणखी बारा तास असतात. ते तास शस्त्रक्रियेतच जातात, कारण जखमी येतच राहतात. इतिहासातही तसेच घडले. २७ जुलै १९५३ रोजी सकाळी दहाला पानमुनजोम येथे सह्या झाल्या आणि रात्री दहाला गोळीबार थांबला.

निरोपाची दृश्ये एकामागून एक येतात. पॉटर आपली घोडी सोफी अनाथालयाला देण्यासाठी तिच्यावर बसून निघतो. तेव्हा कधीही शिस्तीत सलाम न ठोकणारे हॉकआय आणि बी. जे. टाच जुळवून त्याला कडक सलाम करतात. बी. जे.च्या तोंडून ‘गुडबाय’ हा शब्द काही केल्या निघत नाही. हेलिकॉप्टर वर जाते, आणि खाली जमिनीवर त्याने दगड मांडून लिहिलेला तो शब्द हॉकआयला दिसतो.

२८ फेब्रुवारीच्या त्या रात्री चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकी ७७ टक्के संचांवर हाच भाग होता. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला ४ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. एकूण प्रेक्षकसंख्येचा हा विक्रम २०१० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याने मोडला. मालिकांच्या बाबतीत तो अजून अबाधित आहे. पुढे पॉटर, क्लिंगर आणि मल्केही यांना घेऊन ‘आफ्टरमॅश’ ही मालिका निघाली, ती फार टिकली नाही.

कथेमागचे वास्तवही जाणून घेण्यासारखे आहे. हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या स्ट्रेचरवरून जखमी काही मिनिटांत शल्यरुग्णालयात पोहोचू लागले. दुसऱ्या महायुद्धात रुग्णालयात पोहोचलेल्या अमेरिकी जखमींपैकी सुमारे साडेचार टक्के दगावत, कोरियात हे प्रमाण अडीच टक्क्यांवर आले. तुटलेली रक्तवाहिनी बांधून टाकण्याऐवजी शिवून जोडण्याचे तंत्र तिथेच रुळले, आणि अशा जखमांत अवयव कापावा लागण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावरून १३ टक्क्यांपर्यंत घटले. मालिकेतले डॉक्टर घाईघाईने टाके घालताना विनोद करतात, त्या टाक्यांचे हे मोल आहे.

कोरियात भारताचे वैद्यकीय पथकही होते, आणि त्याची कहाणी आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी, म्हणजे ६० क्रमांकाची पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स १९५० च्या अखेरीस तिथे पोहोचली. प्योंगयांगमधून माघार घेताना उपकरणे टाकून द्यायची नव्हती, म्हणून जवानांनी एक वाफेचे इंजिन मिळवले आणि ते स्वतः चालवत सामान दक्षिणेला आणले. मार्च १९५१ मध्ये मुन्सानजवळ अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांचे डॉक्टरही विमानातून उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. मालिका जिथे थांबते तिथे भारताचे दुसरे काम सुरू होते. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार ६०० युद्धबंद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला, आणि त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांना कुंपणाआड शांत ठेवण्याचे ते काम १९५४ च्या सुरुवातीपर्यंत चालले.

अमेरिकी सैन्याची फिरती शल्यरुग्णालये पुढे एकेक करून बंद झाली. शेवटचे २१२ क्रमांकाचे रुग्णालय २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर मुझफ्फराबादला मदतीसाठी गेले होते. परतताना त्याने आपले तंबू आणि उपकरणे तिथेच पाकिस्तानच्या हवाली केली, आणि २००६ मध्ये ते विसर्जित करण्यात आले.